कथेचा काळ आधी ठरव

लिहित्या हातांसाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या पलीकडे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दोन हजार शब्दांपर्यंतची कथा द्यायची आहे, हातात एक महिना आहे. मला माझ्या आईवर लिहायचंय. ती घरी विड्या वळते. सर म्हणाले, आधी आराखडा कर. मी केला, अर्धी वही भरली. पणजोबा तेलंगणातून मिलमध्ये कामाला आले तिथून सुरुवात, मग आजोबा, मिल बंद पडणं, बाबांचा यंत्रमाग, आईचं लग्न, आम्हा भावंडांची शिक्षणं. प्रत्येकाचं वय, स्वभाव, आवडीनिवडी, सगळं लिहिलंय. पण कथा लिहायला बसले की चार पानं होतात आणि आई अजून जन्मालाच आलेली नसते. माझा आराखडा चुकला, की हा विषयच कथेचा नाही? आणि घरच्यांवर लिहिलेलं त्यांना आवडेल का, ही धास्तीही आहे.

उत्तर : विषय कथेचाच आहे, त्याबद्दल मनात शंकाच ठेवू नकोस. आणि ती अर्धी वही जपून ठेव, ती तुझी शिदोरी आहे. फक्त तिला आराखडा म्हणू नकोस. चार पिढ्यांची हकिगत कादंबरीला पुरते, आणि तू ती पुढेमागे लिहावीस असं मला मनापासून वाटतं. पण या महिन्यात तुला आठ पानं लिहायची आहेत. आठच म्हणते, कारण फुलस्केपच्या एका बाजूला साधारण अडीचशे शब्द बसतात. आठ पानांत चार पिढ्या म्हणजे एकेकीच्या वाट्याला दोन पानं. दोन पानांत माणसाची माहिती सांगून होते, माणूस काही उभा राहत नाही.

म्हणून पात्रं, घटना, सुरुवात, शेवट हे सगळं बाजूला ठेव आणि आधी एकच गोष्ट ठरव : ही कथा कुठल्या दिवशी किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते. वार ठरव, वेळ ठरव. मुलांच्या कथा वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. काळ आखडता घेतला की पात्रं आपोआप कमी होतात, भाषणं गळतात, आणि काय सांगायचं नाही हे लिहिणाऱ्याला कळायला लागतं. काळ मोकळा सोडला की 'त्यानंतर काही वर्षांनी' हे शब्द दर पानावर येतात.

तुझ्या आईच्या कामाला तर स्वतःची वेळ आहे. वळलेल्या विड्या घेऊन विडी कारखान्याच्या ब्रँचला जायचं, तपासून द्यायच्या, पुढची पानं आणि तंबाखू घेऊन घरी यायचं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, एवढीच कथा. बाकीचं सगळं आयुष्य या दोन-तीन तासांच्या आत शिरायचं तर शिरेल, नाहीतर बाहेर राहील.

आता आईकडे वळू. कथेतली म्हणते मी, घरातली नव्हे. तिला *आज* काय हवंय? 'मुलांनी शिकावं' हे उत्तर देऊ नकोस. ते तिला रोजच हवंय, आणि रोजच्या इच्छेवर आजची कथा चालत नाही. आज पार पडेल किंवा आज फसेल असं काहीतरी शोध. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्या अर्जाला आईच्या ओळखपत्राची प्रत जोडावी लागते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. समज, कथेतल्या आईचं कार्ड काही कारणाने ब्रँचमध्येच राहिलंय आणि मुलीला आज कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत प्रत द्यायची आहे. म्हणून मुलगीही बरोबर निघालीये. एरवी ती कधी जात नाही.

ब्रँचमध्ये तपासणारा माणूस जुड्या सोडतो आणि बऱ्याच विड्या बाजूला काढतो. त्या आजच्या हिशेबात धरायच्या नाहीत. आता आईपुढे दोन वाटा आहेत. वाद घातला तर माणूस चिडेल आणि कार्ड उद्यावर ढकलेल. गप्प बसली तर कार्ड मिळेल, पण मजुरी कापली जाईल. आणि ज्या विड्या बाजूला पडल्या, त्या काल रात्री आईची बोटं दुखत होती म्हणून मुलीनेच वळलेल्या आहेत. हे मुलीला माहीत आहे. आईला माहीत आहे का?

इथे मी थांबते. आई काय करते, मुलगी तोंड उघडते का, ते तू ठरवायचंस. कदाचित हा प्रसंगच तुला पटणार नाही, तुमच्या ब्रँचची पद्धत वेगळी असेल. मग तो सोडून दे आणि तुझा शोध. मला दाखवायचं होतं ते एवढंच की दिवस आणि वेळ ठरल्याबरोबर 'आईला आज काय हवंय' हा प्रश्न विचारता आला. चार पिढ्यांच्या पटात तो विचारायला जागाच नव्हती.

मागचं आयुष्य मग टाकून द्यायचं का? अजिबात नाही, पण ते प्रसंगाच्या पोटातून यायला हवं. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरकुलं उभी राहिली, कॉम्रेड गोदुताई परुळेकरांच्या नावाने. आपल्या शहराच्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तुझ्या वहीत तिच्यावर नक्कीच पानभर मजकूर असेल. कथेत तिला एक वाक्य पुरे : ब्रँचच्या रांगेत आईच्या शेजारची जागा मोकळी आहे, कारण तिथे उभी राहणारी मैत्रीण कुंभारीला राहायला गेली. वाचकाला आईचं एकटेपण कळलं, शहर किती पसरलं तेही कळलं, आणि रांग जागची हलली नाही. मिलचंही तसंच. सासरे भोंग्याच्या वेळेला उठायचे आणि मिल बंद पडल्यावरही त्याच वेळेला उठत राहिले, एवढं आईच्या तोंडून येऊन जाऊ दे. मिलची तारीख-वार हकिगत नको.

शब्दांचा हिशेबही आधीच करून ठेव. घरातून निघेपर्यंत तीन-चारशे शब्द. ब्रँचमध्ये हजार किंवा थोडे जास्तच, कारण कथा तिथे घडते. परतीच्या वाटेला उरलेले. विद्यार्थी नेमकं उलटं करतात : पहाट, कोंबडा, रांगोळी, चहा यांत अर्धे शब्द जातात आणि ज्या क्षणासाठी कथा लिहायला घेतली तो चार ओळींत उरकतात. तुझ्या कथेतला तपासणारा माणूस पहिल्या दीड पानानंतर लगेच दिसू दे.

कथा कुणाच्या डोळ्यांनी सांगायची, हेही आत्ताच ठरव, मधे बदलू नकोस. मुलीच्या तोंडून 'मी' म्हणून सांगितलीस तर आईच्या मनात काय चाललंय ते तुला लिहिता येणार नाही. तिचे हात, तिचं बघणं आणि तिचं गप्प राहणं एवढंच हाताशी राहील. मला वाटतं तुझ्या या कथेला तेच चांगलं. आईच्या मनात शिरलीस की तुझी लेखणी तिच्या वतीने तक्रार करायला लागेल, आणि ती बाई कदाचित तक्रार करणारी नसेलच.

आता आईशी बोल. पण 'तुला कसं वाटतं' असं विचारू नकोस. या प्रश्नाला कष्टकरी बाई 'काय वाटायचंय' एवढंच म्हणते आणि पुढचं पान उचलते. कामाबद्दल विचार. पान चांगलं की वाईट हे हाताला कसं कळतं? भिजवलेली पानं ओल्या फडक्यात किती वेळ ठेवायची? पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवताना शिरेचं काय करायचं? तंबाखू कमी पडला की कशी कसर काढायची? दोरा संपत आला तर? तिला हे सगळं येतं आणि कुणी विचारत नाही. उत्तरं देताना ती जे मधेच बोलून जाईल, त्यात तुझी कथा आहे. लगेच वही उघडून बसू नकोस. तिच्याबरोबर बस, हातात सूप घे, रात्री लिहून काढ. आणि एक दिवस खरोखर तिच्याबरोबर ब्रँचला जा. तिथे कुठल्या भिंतीला टेकून बायका उभ्या राहतात, पायातल्या चपला कुठे काढतात, कुणाला आधी हाक मारतात, हे घरी बसून सुचत नाही.

आराखडा म्हणून शेवटी तुझ्याकडे एक पोस्टकार्ड भरेल एवढाच मजकूर असावा. कुठला दिवस, किती ते किती. कोण सांगतंय. तिला आज काय हवंय, आडवं काय येतं. कुठले तीन प्रसंग. आणि कुठल्या क्षणानंतर आई आणि मुलगी एकमेकींकडे पहिल्यासारखं बघणार नाहीत. हा शेवटचा मुद्दा लिहिता येत नसेल तर लेखन सुरू करू नकोस, अजून दोन दिवस थांब. तो सापडला की मात्र एका बैठकीत कच्चा खर्डा कर. मधे थांबून वाक्यं घोटत बसू नकोस. तो खर्डा चार-पाच दिवस कपाटात ठेव, मग काढ आणि तुझ्या मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखव. तुझी जीभ जिथे अडखळेल तिथे खूण कर.

घरच्यांचं. आईला कथा वाचून दाखव, छापायला देण्याआधी. तिला मराठी नीट कळत नसेल तर तेलुगूत सांग. गल्ली बदल, भावंडांची संख्या बदल, दुखणं बदल, म्हणजे शेजारीपाजारी बोट ठेवणार नाहीत. आणि तिने 'एवढं काढ' म्हटलं तर वाद न घालता काढ. ते तिचं आयुष्य आहे, तिचा हक्क तुझ्या कथेच्या आधी येतो. मात्र नुसत्या भीतीपोटी आधीच आईला देवता करून टाकू नकोस. ती रागावते, तिला कंटाळा येतो, तपासणाऱ्या माणसाशी ती गोडही बोलते. हे लिहिल्याने तिचा मान कमी होत नाही.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. सोलापूरचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे यांच्यावर कथा लिहितोय. वाचनालयात बसून सगळी माहिती जमवली. पण कथा निबंधासारखी होते. घटना तर खऱ्या आणि जबरदस्त आहेत, मग असं का?

उत्तर : माहिती जमवलीस याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्या गावच्या मुलांनी हे वाचलंच पाहिजे.

निबंध होण्याचं कारण असं की शेवट वाचकाला आधीच ठाऊक आहे. १२ मे १९३० रोजी शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. सोलापुरात वाढलेल्या पोराला हे पाठ असतं, आणि तू कथेत तेच त्याच क्रमाने सांगतोस. 'पुढे काय होईल' ही ओढ तिथे उरत नाही.

माझी तुला विनंती आहे, त्या चौघांना कथेचे नायक करू नकोस आणि त्यांच्या तोंडी तू रचलेली वाक्यं घालू नकोस. ती खरी माणसं होती, त्यांचं बोलणं आपण बनवू नये. त्यांचं नाव कथेत दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडू दे. तुझा नायक असा घे ज्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, आणि त्याला एकच रात्र दे. झेंडा घेऊन फिरणं तेव्हा गुन्हा ठरलं होतं. समज, एका शिंप्याच्या घरी ट्रंकेत शिवून तयार झालेला झेंडा आहे, बाहेर शिपाई फिरतायत, आणि बायको म्हणते चुलीत घाल. सकाळपर्यंत त्या झेंड्याचं काय होतं? हे कुणालाच ठाऊक नाही. आता वाचक पान उलटेल.

या कथेला एक खबरदारी लागते. तो झेंडा रंगवताना सांभाळ. १९३० सालच्या झेंड्यात केशरी पट्टा नव्हता. वर पांढरा, मधे हिरवा, खाली तांबडा, आणि त्यावर चरखा; केशरी १९३१ साली आला आणि अशोकचक्र तर १९४७ साली. तुझ्या शिंप्याला तांबडं कापड कुठून मिळालं, ते उरलेलं कापड घरात कुठे पडलंय, यातच तुला प्रसंग सापडेल. चौकांची आणि रस्त्यांची नावंही तपासून घे. हुतात्म्यांच्या नावाचा चौक ते जिवंत असताना असणार नाही, पण घाईत लिहिताना अशी नावं हटकून घुसतात. जमवलेली माहिती कथेत दिसली नाही तरी चालेल, पण ती तुझ्या बाजूने उभी असली पाहिजे.

प्रश्न : मी यंत्रमागावर कामाला आहे आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो. घरात तेलुगू, कारखान्यात सोलापुरी मराठी, आणि कथा लिहायची प्रमाण मराठीत. आराखडा कुठल्या भाषेत करू? संवाद बोलीत लिहिले तर स्पर्धेत गुण कापतील का?

उत्तर : आराखडा तुमचा तुमच्यापुरता असतो, ज्या भाषेत विचार येतो तिच्यात करा. तेलुगू शब्द देवनागरीत लिहिले तरी काय बिघडलं?

कथेत मात्र कोण कुणाशी बोलतंय ते प्रसंग आखतानाच लिहून ठेवा, कारण आपल्याकडे माणूस बदलला की भाषा बदलते. मित्राला 'काय करलालास बे' म्हणणारा पोरगा मालकापुढे 'बे' म्हणणार नाही, वडील कामगाराला 'अन्ना' म्हणेल आणि घरी आल्यावर आई त्याला 'तिन्नावा?' विचारेल. त्याने 'कँटीनला वडापाव खाल्लो' असं उत्तर दिलं की वाचकाला सगळं समजतं, तळटीप लागत नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं ठरवलंत तर शेवटपर्यंत तसंच ठेवा.

आणखी एक, तुमच्या कामाशी जोडलेलं. माग चालू असताना त्या खडखडाटात कुणी लांबलचक बोलत नाही. हाताने खूण होते, कानाशी तोंड नेऊन दोन शब्द ओरडले जातात, धोटा बदलायच्या आत बोलणं संपतं. विद्यार्थ्यांच्या कथांमध्ये मात्र मागापाशी उभं राहून दोघे जण पानभर संवाद म्हणतात, आणि ज्याने कारखाना पाहिलाय त्याला ते तिथेच खोटं वाटतं. तुम्ही रोज त्या आवाजात असता, तुमच्याकडून ही चूक होऊ नये. बोलणं व्हायचं असेल ते चहाच्या गाड्यावर, पाळी बदलताना, किंवा लाइट गेल्यावर ठेवा. लाइट गेली की माग थांबतात, एकाएकी सगळ्यांचे आवाज मोठे वाटतात, आणि जे बोलायचं नव्हतं तेही सगळ्यांना ऐकू जातं. कथेतली मुख्य बाब तिथे आणता येते का ते आराखड्यात पाहा. नाही आली तर ओढून आणू नका, कारण लाइट नेमकी हवी तेव्हा गेली असं वाटलं तर तेही खोटंच.

गुणांचं म्हणाल तर स्पर्धेचे नियम आधी नीट वाचा. प्रमाण भाषेचीच अट छापलेली असेल तर ती कथा तिथे पाठवू नका, दुसरी पाठवा. अट नसेल तर संवाद आहेत तसे ठेवा, शुद्धलेखन एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, आणि पाकिटावर नाव-पत्ता घालायचा की नाही ते नियमात बघून मगच पाठवा.